तीनशे बारा पानं आणि एक टाच

बर्नडेट, तुझा प्रबंध माझ्या कपाटात
दुसऱ्या फळीवर उभा आहे,
निळ्या बांधणीचा, तीनशे बारा पानांचा.
मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला.
आणखी चौघांनी वाचला,
तेही नेमलेले होते म्हणून.

विषय : रात्रपाळीत रुग्णाची कूस किती वेळा बदलतात,
आणि नाही बदलली तर टाचेवर काय उमटतं.

फेब्रुवारीत तू आलीस. सेंट जॉन्सचं बंदर
धुक्यात नाहीसं झालं होतं,
तुझ्या बुटांवरचा बर्फ माझ्या गालिच्यावर वितळत होता.
म्हणालीस, मला संशोधक नाही व्हायचं.
किनाऱ्यावरच्या अकरा दवाखान्यांचा कारभार बघायला
माणूस हवाय त्यांना. मी अर्ज केलाय.
आणि मग, चोरी कबूल करावी तसं :
पण मला अंदाजपत्रक वाचता येत नाही.

एकोणीस जणींना मी डॉक्टरेटपर्यंत पोचवलं.
सहा प्राध्यापक झाल्या. त्यांचे फोटो भिंतीवर आहेत.
बाकीच्या तेरांबद्दल कोणी विचारलं
तर मी म्हणायचे, ती गेली.
मेलेल्या माणसाबद्दल बोलावं, तशी.
गेली म्हणजे कुठे?
एक मंत्रालयात, एक तुरुंगातल्या इस्पितळात,
एक नर्सांच्या युनियनमध्ये टेबलावर मूठ आपटते.
मूठ कधी आपटायची आणि कधी आवळून मांडीवर ठेवायची,
हे ती माझ्याकडे शिकली नाही.

मग गुरुवारची दुपार आपण आकडेवारीकडून काढून घेतली.
अ‍ॅम्ब्रोज पिटमन आले, वय अठ्ठ्याहत्तर,
बंद पडलेल्या मासळी कारखान्याचे हिशेबनीस,
काखेत जुनी खातेवही, खिशात पुदिन्याच्या गोळ्या.
म्हणाले, पोरी, या रकान्यात ते काय बोलतात ते असतं
आणि या रकान्यात काय करतात ते.
पान उलटून एका आकड्यावर बोट ठेवलं :
कारखाना बंद झाला त्याच्या तीन वर्षं आधी
तो इथे बंद झाला होता.
बघायला कोणी नव्हतं.
तू ते पान बराच वेळ पाहत राहिलीस,
जखम बघतेस तशी, नाक जवळ नेऊन.

आणि मी झाले उपमंत्री.
घड्याळ पाहिलं, फोन उचलला,
तुझ्या दुसऱ्याच वाक्यात कॉफी मागवली.
पहिल्यांदा तू संशोधनपद्धतीपासून सुरुवात केलीस.
मी मुद्दाम जांभई दिली. (बरीचशी खरी होती.)
चौथ्या खेपेला रडलीस, सहाव्याला चिडलीस,
नवव्याला म्हणालीस :
लिओना बट, वय त्र्याऐंशी. डावी टाच.
बावीस खाटा, रात्री एक नर्स.
आणि गप्प बसलीस.
ती शांतता मी शिकवलेली नव्हती.
ती तू खाटेशेजारून आणली होतीस,
कोणी अजून काही सांगेल म्हणून थांबतात ना, ती.

मे महिन्यात फेरीच्या धक्क्यावरून फोन आला,
अर्धा तुझा, अर्धा वाऱ्याचा.
तीन मागितल्या, दोन मिळाल्या.
दोन नर्स, दोन दवाखान्यांत, रात्रीच्या.
मी विचारलं, आणि तिसरी?
म्हणालीस, मार्चमध्ये पुन्हा जाणार.
अ‍ॅम्ब्रोज म्हणतात, मार्चमध्ये
सरकारला पैसे कुठे घालावेत ते सुचत नाही.

लिओना बट मात्र एप्रिलमध्येच वारली.
हे तू शेवटी सांगितलंस, फोन ठेवता ठेवता.

काल सायलस नावाचा नवा विद्यार्थी आला,
दाराशीच उभा राहून, टोपी हातात घेऊन म्हणाला,
मला संशोधनच करायचंय. चालेल ना?
म्हटलं, चालेल की.
गुरुवारी मात्र ये.
आणि पुदिन्याची गोळी दिली तर नाही म्हणू नकोस.